पुण्याची बिअर आणि वऱ्हाडची ज्वारी

बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगांव या गांवांहून सायंकाळीं पुण्यास ज्या बसगाड्या सुटतात, त्यांत बसलेल्या तरुण मंडळींची कोणीं गणती केली, तर आमच्या जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांचा निम्मा वृत्तांत हातीं लागेल. कोणाचा मुलगा हिंजवडीस संगणकाच्या कचेरींत आहे, कोणाची सून खराडीस नोकरी करते, कोणाची भाची शिवाजीनगरास शिकते. हीं मुलें दिवाळीस घरीं आलीं म्हणजे पुण्याचीं वर्णनें सुरू होतात. पूर्वीं आम्ही नाटकांचीं, व्याख्यानमालांचीं आणि पेठांतल्या खाणावळींचीं वर्णनें ऐकत असूं. अलीकडे त्यांच्या जोडीला एक नवें वर्णन हलक्या आवाजांत ऐकूं येऊं लागलें आहे, आणि तें म्हणजे तेथील छोट्या बिअरशाळांचें. वडील माणूस खोलींत आलें कीं विषय बदलतो. परंतु बदलण्यापूर्वीं जें कानावर पडतें, त्यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. हीं मुलें नशेविषयीं बोलत नाहींत, चवीविषयीं बोलतात. आमटींत आमसूल अर्धें अधिक पडलें हें पहिल्या घांसास ओळखणाऱ्या आमच्या आजीच्या जिभेची जी सूक्ष्मता, तीच या पोरांच्या तोंडीं एका भलत्याच पदार्थासंबंधानें ऐकून मला नवल वाटलें, आणि त्या नवलापोटींच मीं या विषयाची थोडी चौकशी केली.

कौटुंबिक मासिकांत हा विषय कशाला, असें कित्येक वाचकांस, विशेषतः भगिनींस, वाटेल. तें वाटणें रास्त आहे. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून आमच्या घरांतून सिंधूसाठीं डोळे पुसले जात आहेत. ज्या पुण्याविषयीं आज मी लिहीत आहें, त्याच पुण्यांत १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनें दारूच्या दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहिले होते. मी स्वतः हें पेय घेत नाहीं, आणि हा लेख वाचून कोणीं घेऊं लागावें अशीहि माझी इच्छा नाहीं. परंतु आपलीं मुलें कशावर प्रेम करतात हें न समजून घेतां त्यांस उपदेश करणें, म्हणजे नाडी न पाहतां मात्रा उगाळून देणें होय. मात्रा कितीहि चांगली असली तरी अशानें गुण येत नाहीं.

प्रथम बिअर म्हणजे काय हें सांगितलें पाहिजे. कारण आमच्या बहुतेक घरांत 'दारू' हा एकच शब्द सर्वांस पुरतो. दारू गाळतात, म्हणजे आंबवलेला द्रव उकळून, त्याची वाफ थंड करून जो कडक अर्क निघतो ती दारू. बिअर गाळीत नाहींत. ती नुसती आंबवतात. त्यामुळें बिअरमध्यें मद्यार्काचें प्रमाण सामान्यतः शेंकडा चार ते सात असतें, तर व्हिस्कीसारख्या गाळीव मद्यांत तें चाळिसाच्या आसपास असतें. बिअरचें मूळ धान्य जव. आणि लहान मुलांस नाचणीचें सत्त्व करून घालणाऱ्या कोणत्याहि गृहिणीस या कृतीचा पूर्वार्ध नवा वाटावयाचा नाहीं. नाचणी भिजवावी, फडक्यांत बांधून मोड आणावे, सावलींत वाळवावी, किंचित् भाजावी, दळावी, वस्त्रगाळ करावी. मोड येतांना धान्याच्या पोटांत जीं पाचक द्रव्यें उत्पन्न होतात, तीं पिठाची साखर करतात. म्हणूनच सत्त्वाची पेज पातळ व गोडसर होते आणि बाळास पचते. जवास असेच मोड आणून, वाळवून, भाजून जें तयार होतें त्यास माल्ट म्हणतात. तें कमी भाजलें तर बिअर सोनेरी होते, अधिक भाजलें तर तपकिरी, आणि कॉफीच्या बियांसारखें भाजलें तर काळीकुट्ट. हें माल्ट भरडून सुमारें पासष्ट अंश उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेविलें कीं गोड काढा होतो. तो हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. या फुलांनीं त्यास कडवटपणा व सुगंध येतो, शिवाय तो टिकतो. (आपल्या देशांत हॉपची थोडी लागवड हिमाचलांतील लाहौलच्या खोऱ्यांत होते, पण येथील बिअरशाळांस लागणारे हॉप मुख्यतः परदेशांतून येतात.) काढा निवला कीं त्यांत खमीर, ज्यास आपल्या जुन्या ग्रंथांत किण्व म्हटलें आहे तें, सोडतात, आणि पुढचें काम डोळ्यांस न दिसणारे ते सूक्ष्म जीव करतात.

या जिवांची करामत मोठी मौजेची आहे. एका जातीचें खमीर थंडाव्यांत सावकाश काम करतें आणि स्वच्छ, सरळ चवीची बिअर देतें. हिला लागर म्हणतात आणि दुकानांतून बाटलींत मिळते ती बहुतेक हीच. दुसऱ्या जातीचें खमीर उबेंत, घाईनें काम करतें आणि जातां जातां फळाफुलांचे वास मागें ठेवतें. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो, आणि तींत केळें किंवा लवंग नांवालाहि घातलेली नसते; तो सर्व प्रताप खमिराचा. बेल्जमची गव्हाची बिअर घ्या. तींत नारिंगाची साल आणि, ऐकून आश्चर्य वाटेल, आपले नित्याचे धणे कुटून घालतात. ही तऱ्हा तेथेंहि नामशेष झाली होती. ह्यूगार्डन गांवांतील पिएर सेलिस नांवाच्या एका गृहस्थानें १९६६ सालीं ती पुन्हां सुरू केली.

आतां मोठ्या कारखान्याची बिअर व या छोट्या शाळांची बिअर यांत भेद काय? कारखान्याची बिअर गाळून निर्मळ करतात, उष्णता देऊन तिच्यांतले जीव मारतात, बाटलींत भरतात, आणि ती महिनोन् महिने टिकते. नागपुरास घेतली काय आणि कलकत्त्यास घेतली काय, चव तीच. ही कांहीं लहान कला नव्हे. लक्षावधि बाटल्यांत एकच चव राखणें हें मोठें कौशल्याचें काम आहे. परंतु छोट्या शाळेंतली बिअर बहुधा न गाळलेली, जिवंत, किंचित् गढूळ असते, फार दिवस टिकत नाहीं, आणि ज्या छपराखालीं शिजली त्याच छपराखालीं किंवा फार तर शहरांतल्या दुसऱ्या एखाद्या ठिकाणीं नेऊन ती प्यावी लागते.

पुण्यास बिअर नवी नाहीं. गोऱ्या पलटणींची तहान भागविण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांतच खडकीस मीकिन या इंग्रजाची बिअरशाळा निघाली होती. सिमल्याच्या व कसौलीच्या बिअरशाळा याच मीकिननें एडवर्ड डायर याजकडून विकत घेतल्या. आणि हा डायर म्हणजे जालियनवाला बागेंत गोळीबार करविणाऱ्या जनरल डायरचा बाप. इतिहासाचे धागे असे कोठेंहि गुंततात. परंतु ती बिअर येथें होऊनहि येथील नव्हती; ती आठवणींनीं व्याकुळ झालेल्या परक्या शिपायांची होती. महाराष्ट्रांतील पहिली छोटी बिअरशाळा, जिला मायक्रोब्रुअरी म्हणतात ती, २००९ सालीं पुण्याच्या दक्षिण अंगास कॉरिन्थियन्स नांवाच्या हॉटेलांत सुरू झाली. सुकेतु तळेकर व प्रतीक चतुर्वेदी या दोघांनीं ती काढली, आणि ओलिव्हर शाउफ नांवाचा जर्मन कारागीर तींत बिअर शिजवूं लागला.

तिचें नांव 'डूलाली'. या नांवाची कथा वऱ्हाडच्या वाचकांसहि ठाऊक असावी अशी आहे. नाशिकजवळच्या देवळालीस इंग्रजांची छावणी होती. हिंदुस्थानांतली मुदत संपलेले शिपाई विलायतेस जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथें पडून असत. काम नाहीं, ऊन मी म्हणतें आहे, बोटीचा पत्ता नाहीं. मग कांहींजण भ्रमिष्टासारखे वागूं लागत. अशा माणसास पलटणींत 'डूलाली टॅप' झाला असें म्हणत. त्यांतला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. देवळालीचा ताप अशा रीतीनें इंग्रजी कोशांत जाऊन बसला, आणि शंभराहून अधिक वर्षांनीं एका बिअरशाळेच्या पाटीवर परत आला. नांव ठेवणाराच्या विनोदबुद्धीस दाद द्यावयास हरकत नाहीं.

डूलालीच्या मागोमाग पुण्यांत इतर निघाल्या. २०१४ सालीं मुंढव्यास 'इंडिपेंडन्स' निघाली. चार धान्यांपासून केलेली तिची एक बिअर जाणकारांत वाखाणली गेली. 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' या पुण्याच्याच शाळेनें कोकम व मीठ घालून एक बिअर केली. हें ऐकून मी प्रथम हंसलों. मग कळलें कीं जर्मनींत लाइपझिगकडे मीठ व धणे घातलेली आंबट बिअर शेंकडों वर्षांपासून पीत आले आहेत, तिला गोसे म्हणतात. आणि आंबट-खारटाची ती जुनी रीत आमच्या कोंकणच्या रातांब्यास अशी जुळली कीं जणूं त्याचीच वाट पाहत होती. पुण्यासच 'मूनशाइन' नांवाची एक मंडळी मध आंबवून मीड नांवाचें पेय करते. मध आंबवून पिणें ही कल्पना वेदकाळापासूनची; धंदा मात्र नवा.

आतां मुख्य प्रश्न. या मुलांस त्यांत एवढें आवडतें तरी काय?

गेल्या हिंवाळ्यांत पुतण्याच्या आग्रहानें मी अशा एका ठिकाणीं तासदीड तास बसलों. माझ्यापुढें लिंबाचें सरबत होतें, हें सांगून टाकतों. मीं पाहिलें तें असें. मोठें, उजेडाचें दालन. एका बाजूस काचेची भिंत आणि तिच्यापलीकडे पुरुषभर उंचीचीं चकचकीत पोलादी पिंपें. फळ्यावर खडूनें त्या दिवसाच्या सहा बिअरचीं नांवें लिहिलेलीं, आणि एकापुढें 'संपली' असें. बरेच तरुण, त्यांत मुली जवळजवळ निम्म्या. दोन कुटुंबें वृद्ध आईबापांसह जेवावयास आलेलीं. नवख्यास आधीं चार बोटें उंचीच्या पेल्यांतून सर्व प्रकार थोडेथोडे चाखवितात, मग तो निवड करतो. आमच्या मेजावर चौघे होते आणि दीड तासांत प्रत्येकानें एकच मोठा पेला घेतला. बोलणें मात्र अखंड.

मीं त्यांस सरळ विचारलें. पुतण्या म्हणाला, "काका, दुकानांतलें पिशवींतलें ताक आणि आईनें घुसळून लोणी काढल्यावरचें ताक यांत फरक असतो ना? तोच." उत्तर मला पटलें, कारण ताजेपणाचें जें वेड वऱ्हाडी माणसास आहे, तें यापेक्षां निराळें नाहीं. हुरडा शेतांतच खावा, घरीं आणला कीं त्याची गोडी गेली, असें म्हणणारे आम्ही. दुसरा एकजण मूळचा मलकापूरचा. तो म्हणाला कीं येथें बिअर करणारा माणूस दिसतो, त्याला विचारतां येतें, चुकलें तर सांगतां येतें. योगायोगानें तो कारागीर तेवढ्यांत आमच्याकडे आला, आणि यानें त्यास सांगितलें कीं मागल्या महिन्याची गव्हाची बिअर अधिक चांगली होती. कारागिरानें रागावूं नये? तो म्हणाला, "खरें आहे, खमीर थोडें अधिक उबेंत राहिलें." आणि तो उभ्या उभ्या पांच मिनिटें त्या उबेविषयीं बोलला. आजकाल आपण जें खातों पितों, त्यांतलें कितीसें असें आहे कीं ज्याच्या कर्त्यास जाब विचारतां येतो आणि तो प्रामाणिक उत्तर देतो? तेल कोणीं गाळलें हें ठाऊक नाहीं, पीठ कोठलें हें ठाऊक नाहीं. एकेकाळीं खामगांवास घाण्यावर तेल्यासमोर उभें राहून तेल घेत असत. त्या व्यवहारांतला विश्वास या मुलांनीं अनुभविलेलाच नाहीं, आणि तो त्यांस पहिल्यानें भेटला तो बिअरच्या पिंपाशीं. यांत त्यांचा दोष किती व आमचा किती, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचें वाटलें तें उत्तर खामगांवकडच्या एका मुलीचें. ती जरा थांबून म्हणाली, "काका, येथें मी येऊन बसूं शकतें." याहून अधिक ती कांहीं बोलली नाहीं, पण आमच्या जिल्ह्याच्या गांवांतले परमिट रूम ज्यांनीं बाहेरून पाहिले आहेत त्यांस अधिक सांगावयास नको. काळ्या काचा, दारावर पडदा, आंत मंद तांबडा दिवा. पुरुष मान खालीं घालून आंत जातो आणि तशीच खालीं घालून बाहेर येतो. जी गोष्ट लपून करावयाची, ती भराभर करावी लागते. जी भराभर करावयाची, तिच्यांत चवीस जागा नाहीं. उजेडांत, बायकामाणसांदेखत, जेवणाबरोबर बसलेला माणूस सहसा ताळ सोडीत नाहीं. 'सहसा' हा शब्द मीं विचारपूर्वक घातला आहे.

आमच्या तरुणांपैकीं एक संस्कृतज्ञ निघाला, आणि त्यानें सोमरसाचा दाखला दिला. तेवढें मात्र मीं चालूं दिलें नाहीं. सोम हा वनस्पति कुटून काढलेला रस. सुरा ही आंबवलेली. वैदिक वाङ्मय या दोहोंत गल्लत करीत नाहीं. बिअरचें पूर्वज शोधावयाचे तर सुरेकडे गेलें पाहिजे, आणि तेथें ते खरोखरच सांपडतात. सौत्रामणी यागांत सुरा लागे, आणि तिच्यासाठीं मोड आलेली साळ व मोड आलेले जव घेत; त्यांस अनुक्रमें शष्प व तोक्म अशीं नांवें आहेत. तोक्म म्हणजे आजच्या भाषेंत माल्ट. कौटिल्यानें तर अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. मेदक नांवाच्या तांदुळाच्या मद्यास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व, असें माप तो देतो. आंब्याचा रस घातलेल्या सुरेस तो सहकारसुरा म्हणतो. म्हणजे फळ घालण्याची हौसहि पुण्याच्या पोरांनीं नव्यानें काढलेली नव्हे. पानागारांत निरनिराळ्या खोल्या, आसनें, फुलें, सुगंध, पाणी, ऋतूप्रमाणें सुखसोयी असाव्या असें तो सांगतो, आणि लगोलग तेथें गुप्त हेर ठेवून कोण ऐपतीबाहेर खर्च करतो याची टिपणी ठेवावयासहि सांगतो. त्याच परंपरेंत मनुस्मृतीनें सुरापानाची गणना महापातकांत केली. पूर्वजांचा दाखला देणारानें दोन्ही पानें वाचावीं.

येथवर मीं त्या मुलांची बाजू शक्य तितकी सहानुभूतीनें मांडली. आतां वऱ्हाडची बाजू.

'क्राफ्ट बिअर' या शब्दांत क्राफ्ट म्हणजे हातची कारागिरी. मराठींत हातानें केलेल्या मद्यास जुना शब्द आहे, आणि तो 'हातभट्टी'. एकाच अर्थाचे दोन शब्द, पण एकानें पुण्याच्या मेजावर कौतुकाचे उद्गार निघतात आणि दुसऱ्यानें गांवांतल्या बाईच्या अंगावर कांटा उभा राहतो. २०१५ सालीं मुंबईंत मालवणीस मेथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं; तीं सर्व गरीब होतीं. विदर्भांत या प्रश्नाची धग किती आहे हें पाहावयाचें तर नकाशा पाहा. वर्ध्यांत १९७४ पासून, गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. जेथें बंदी नाहीं तेथें बायकांच्या हातीं मताचें साधन आहे. गांवांतील निम्म्याहून अधिक मतदार स्त्रियांनीं 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला तर परवान्याचें दुकान बंद होतें. एका बाजूस उभी बाटली, दुसऱ्या बाजूस आडवी, अशी ती मतपत्रिका असते. पहांटे उठून, रोजीची मजुरी बुडवून रांगेंत उभ्या राहणाऱ्या त्या बायकांस चवीचा प्रश्न कधींच पडलेला नाहीं.

पैशाचाहि विचार करावा. पुण्यांतील त्या एका पेल्याची किंमत आमच्याकडील शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीच्या आसपास जाते. ही महागाई एका अर्थीं लगाम आहे, कारण एवढ्या किंमतीचा पेला कोणी घटाघटा रिचवीत नाहीं. दुसऱ्या अर्थीं ती कुंपण आहे. उजेड, ओळखीचा कारागीर, बायकांस निर्धास्तपणें बसण्याची सोय, या सर्व चांगल्या गोष्टी कुंपणाच्या आंत. काळ्या काचा बाहेर. आणि शास्त्राचें म्हणणें कुंपण ओळखीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें मद्य हें कर्करोगाचें निश्चित कारण असल्याचें १९८८ सालींच ठरविलें. त्यांत गाळलेलें, आंबवलेलें, हातचें, कारखान्याचें असा भेद नाहीं. पुतण्यास हें मीं सांगितलें. त्यानें तें नाकारलें नाहीं. "म्हणून तर एकच," असें तो म्हणाला. नाटकाचें नांव त्याच्या मनांत नसावें. माझ्या मनांत आलें.

राहतां राहिली धान्याची गोष्ट, आणि या सर्व प्रकरणांत वऱ्हाडचा माणूस म्हणून मला खरा रस आहे तो येथें. त्या दालनांत 'आपल्या मातीचें', 'स्थानिक' हे शब्द मीं वारंवार ऐकले. मग मीं कारागिरास विचारलें कीं हे जव कोठले? तो म्हणाला कीं कांहीं राजस्थान-हरियाणाकडचे, आणि निवडक, निरनिराळे भाजलेले माल्ट जर्मनींतून येतें. हॉप परदेशचे, खमीर परदेशचें. मातीचें म्हणावें असें काय, तर कोकम, आंबा आणि पाणी. मीं विचारलें, "ज्वारी कां नाहीं?"

प्रश्न अज्ञानाचा नव्हता. आफ्रिकेंत ज्वारीला मोड आणून बिअर करण्याची चाल फार जुनी आहे. नायजेरियानें १९८८ सालीं जवाच्या माल्टच्या आयातीस बंदी केली, तेव्हां तेथील मोठमोठ्या बिअरच्या कारखान्यांस ज्वारी व मका यांकडे वळावें लागलें, आणि कारखाने बुडाले नाहींत. ज्वारीचा शेतकरी मात्र वर आला. कारागीर हुषार होता. त्यानें अडचणी सांगितल्या त्या अशा. जवाच्या दाण्यास जें फोल असतें, त्याचाच थर काढा गाळावयास चाळणीसारखा उपयोगी पडतो. ज्वारीचा दाणा उघडा, त्यामुळें भरड चिकटून बसते आणि काढा उतरत नाहीं. भाताचा कोंडा मिसळून हें साधतें. दुसरें असें कीं ज्वारीचें पीठ शिजावयास उष्णता अधिक लागते, आणि तेवढ्या उष्णतेंत पिठाची साखर करणारीं द्रव्यें मरतात. म्हणून शिजविणें निराळें, साखर करणें निराळें, असें दुप्पट काम पडतें. तिसरी अडचण आमच्या कोणत्याहि शेतकऱ्यास ठाऊक आहे. कोंवळ्या ज्वारींत विष असतें. तींत गुरें शिरलीं तर मरतात. तेंच विष ज्वारीच्या मोडांत उतरतें, म्हणून माल्ट वाळल्यावर मोड व मुळ्या चोळून नीट काढाव्या लागतात. जवामध्यें ही कटकट नाहीं. उलट ज्वारींत ग्लूटेन नसल्यामुळें, ज्यांस गहूं व जव सोसत नाहींत अशांस ती चालते, हा तिचा गुण.

हें सर्व ऐकतांना मला आंबील आठवत होती. ज्वारीचें पीठ रात्रीं ताकांत भिजवून, सकाळीं शिजवून, मीठ व लसूण घालून केलेली ती आंबट पेज उन्हाळ्यांत आमच्याकडे घरोघर असे. आंबवण्याची ही विद्या नशेपर्यंत न नेतां अलीकडेच थांबविण्यांत आमच्या बायकांनीं जें तारतम्य दाखविलें, त्याचें कौतुक कोणत्याहि फळ्यावर खडूनें लिहिलेलें नाहीं. कारागिरास मीं आंबिलीची कृति सांगितली. त्यानें ती लक्षपूर्वक ऐकली, खिशांतल्या वहींत टिपून घेतली, आणि ताक किती आंबट असावें हें पुन्हां विचारलें. मीं त्यास मोघम उत्तर दिलें. कारण हें प्रमाण माझ्या घरांत कधीं पुरुषाच्या हातीं नव्हतें. पुढें बुलढाण्यास परतल्यावर सौभाग्यवतीकडून नीट विचारून घेऊन त्यास कळविलें. दोन दिवस दह्यास ठेवलेल्या दुधाचें ताक, आणि एक वाटी पिठास तीन वाट्या. याहून कमी घेतलें तर खालीं लागतें.

निघतांना त्यानें आणखी एक गोष्ट विचारली. ज्वारी घेऊन प्रयोग करावयाचा तर आमच्या जिल्ह्यांतून वर्षास दहा-वीस पोतीं एकाच जातीची, स्वच्छ, नवी ज्वारी मिळेल काय? मीं 'हो' म्हणावयास तोंड उघडलें, आणि पुतण्या माझ्याकडे पाहूं लागला. घाटावर काय आणि घाटाखालीं काय, आमच्या जिल्ह्यांत आतां खरिपाच्या शेतांत मुख्यतः सोयाबीन आणि कपाशी उभी असते. ज्वारी पांखरें खातात, राखणीस माणूस मिळत नाहीं, कापणी-मळणीचा खर्च भावांतून निघत नाहीं. कडब्यासाठीं पेरावी तर दारांत बैलहि राहिले नाहींत. आमच्याच वावरांत गेलीं अनेक वर्षें ती घरच्या भाकरीपुरती आणि पौषांतल्या हुरड्यापुरती, चार तासें पेरली जाते.

"पोतीं पाहून सांगतों," असें मीं त्यास म्हटलें. त्यानें पत्ता लिहून दिला आहे.